हेलियम विजयदुर्गावर सापडला का?

काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय प्रश्नमंजुषेला परीक्षक म्हणून गेलो होतो. प्रश्न संयोजकांनी तयार करून आणले होते. चिठ्ठीच्या एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. तिसऱ्या फेरीत एक प्रश्न निघाला : ‘हेलियम या मूलद्रव्याचा शोध महाराष्ट्रातील कोणत्या किल्ल्यावर लागला?’ ज्या शाळेची पाळी होती तिथली आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि उत्तर देण्याऐवजी तिने मलाच विचारले, ‘‘सर, तो शोध लॉकयरने लावला ना? मग तो तर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. किल्ल्यावर कसा लागेल?’’ सभागृहात हशा पिकला. मी चिठ्ठी उलटून पाहिली. मागे ‘विजयदुर्ग’ असे लिहिलेले होते. मलाही लहानपणापासून तेच ठाऊक होते. प्रश्न पुढच्या शाळेकडे गेला, त्यांनी ‘विजयदुर्ग’ म्हटले आणि दोन गुण मिळवले.

घरी आल्यावर मात्र राहवेना. जुने अहवाल काढून वाचले. मुलगी बरोबर होती, चिठ्ठी चूक होती आणि अर्थात परीक्षकही. पण गंमत अशी, की विजयदुर्गाचे नाव या गोष्टीत उगाच आलेले नाही. लॉकयर विजयदुर्गावर आला होता, त्याने तिथे खग्रास सूर्यग्रहण पाहिले होते, त्या ग्रहणाच्या वर्णपटात हेलियमच्या रेषाही होत्या. फक्त हे सारे घडले ते शोधानंतर तीस वर्षांनी! सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून ही चूक शाळाशाळांत पोचली आहे, म्हणून मुळापासून पाहू या.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. चंद्राच्या सावलीचा पट्टा एडनवरून अरबी समुद्र ओलांडून कोकणच्या किनाऱ्यावर चढला आणि विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा पूर्व किनाऱ्याकडे जाऊन पुढे सयामकडे गेला. सूर्य पूर्ण झाकलेला राहण्याचा काळ फार मोठा होता. गुंटूरला तो पाच मिनिटांहून अधिक होता. एरवी दोन-तीन मिनिटे मिळाली तरी खगोलशास्त्रज्ञ धन्यता मानतात.

या ग्रहणाची शास्त्रज्ञ आतुरतेने वाट पाहत होते, त्याला दुसरेही एक कारण होते. ग्रहणात चंद्राच्या काळ्या बिंबाच्या कडेने लालसर ज्वाळा बाहेर आलेल्या दिसतात. या सौरज्वाला म्हणजे नेमके काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. जर्मनीत किरखॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये दाखवून दिले होते, की तापलेल्या वायूच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला तर त्यात ठराविक जागी तेजस्वी रेषा दिसतात आणि त्यांवरून मूलद्रव्य ओळखता येते. आपल्या स्वयंपाकघरात याचा अनुभव रोज येतो. वरण उतू जाऊन शेगडीवर सांडले, की निळी ज्योत एकदम पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. वर्णपटात तो एकमेकींना अगदी लगटून असलेल्या दोन पिवळ्या रेषांच्या रूपात दिसतो. या जोडीला ‘डी’ रेषा म्हणतात. सौरज्वालांकडे वर्णपटदर्शक रोखण्याची पहिली मोठी संधी म्हणजे १८६८ चे ग्रहण.

तेव्हा कोण कुठे होते ते पाहू. फ्रान्सचे पिएर जान्सेन गुंटूरला होते. ब्रिटिशांचे मेजर टेनंट हेही गुंटूरलाच. मद्रास वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉग्सन मच्छलीपट्टणला होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल (प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांचा नातू) जमखंडीला होता. मुंबई सरकारने विजापूरला एक तुकडी पाठवली होती. तीत कॅप्टन हेग आणि कॅप्टन टॅनर यांच्याबरोबर पुण्याचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे होते. हे केरूनाना म्हणजे लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू आणि ‘ग्रहसाधनाची कोष्टके’चे कर्ते. हेलियमच्या गोष्टीत मराठी माणूस शोधायचाच असेल तर तो विजापूरला सापडतो, हे मला त्या अहवालांतूनच कळले.

या यादीत विजयदुर्ग नाही. ग्रहणाचा पट्टा तर त्यावरूनही गेला होता. मग तिथे कोणी का गेले नाही? उत्तर कोकणातल्या कोणत्याही शेतकऱ्याने दिले असते. १८ ऑगस्टला श्रावणी अमावास्या होती. श्रावणात कोकणच्या किनाऱ्यावर दुर्बीण मांडून सूर्याची वाट पाहणारा माणूस शास्त्रज्ञ नसून आशावादी म्हणायला हवा. म्हणूनच पश्चिमेकडच्या तुकड्या सह्याद्री ओलांडून पर्जन्यछायेच्या प्रदेशात गेल्या. तिथेही जमखंडीत आणि विजापुरात ढगांनी पिच्छा पुरवलाच. फटीफटींतून जे दिसले ते त्यांनी टिपले. आपल्या चिठ्ठीतली तारीख आणि जागा शेजारी ठेवून कोणी क्षणभर विचार केला असता, तरी शंका यायला हवी होती. मला आली नाही, हेही नमूद करतो.

ग्रहणात बहुतेकांना वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे सौरज्वाला हे तापलेल्या वायूचे लोट आहेत हे त्या दिवशी सिद्ध झाले. तांबडी आणि निळी रेषा हायड्रोजनच्या असल्याचे ओळखू आले. पिवळ्या भागातही एक रेषा होती. टेनंट यांनी ती सोडियमची ‘डी’ धरली. हर्शेलने तिची जागा ‘डी’च्या आसपास दिली. पॉग्सन यांनी ‘डी’वर किंवा ‘डी’च्या जवळ असे सावधपणे लिहिले. जान्सेन यांचा सारा भर हायड्रोजनच्या रेषांवर होता. नवे मूलद्रव्य सापडले असे त्या दिवशी भारतात कोणीही म्हटले नाही.

ती रेषा सोडियमपासून किती दूर होती? सोडियमच्या दोन रेषांची तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर आहे. नव्या रेषेची ५८७.६. वर्गात हे समजावण्यासाठी ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतचा दृश्य वर्णपट साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे ३०० नॅनोमीटरचा. तो पट्टीभर सारखा पसरला आहे असे समजा. मग एक मिलिमीटर म्हणजे एक नॅनोमीटर. सोडियमच्या दोन रेषा अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त अंतरावर येतील आणि नवी रेषा त्यांच्यापासून दीड मिलिमीटरवर! हे अंतर मुलांना पट्टीवर टोकदार पेन्सिलीने काढून दाखवायला सांगा. आता कल्पना करा : हाताशी पाच मिनिटे आहेत, आकाशात ढग आहेत, एका रेषेवरून दुसरीवर नजर न्यायची आहे आणि आकडे अंधारात लिहायचे आहेत. शिवाय ग्रहणात आकाश काळोखे असल्याने सूर्याच्या वर्णपटातल्या ओळखीच्या काळ्या रेषा शेजारी दिसत नाहीत. रेषा कशाच्या तुलनेत सरकलेली आहे हे सांगायला खूणच नाही. त्या निरीक्षकांना मी तरी दोष देणार नाही.

जान्सेन यांच्या लक्षात मात्र एक मोठी गोष्ट आली. रेषा इतक्या तेजस्वी आहेत, तर ग्रहणाची गरजच काय? दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला सकाळी, त्यांनी उघड्या सूर्याच्या कडेवर वर्णपटदर्शकाची फट धरली आणि त्यांना सौरज्वालांच्या रेषा पुन्हा दिसल्या.

हे कसे जमते? अंगणात ओंजळभर रांगोळी उधळून दिली तर ती मातीत दिसेनाशी होते. तेवढीच रांगोळी एका रेघेत सोडली की दुरूनही दिसते. आकाशाचा पांढरा उजेड सर्व रंगांचा असतो. वर्णपट जितका लांब पसरावा तितका तो उजेड विरळ होत जातो. सौरज्वालेचा प्रकाश मात्र मोजक्या रंगांचाच असल्याने कितीही पसरला तरी रेघेतच राहतो. पुरेसा पसरला की रेघ उजेडावर मात करते.

हीच युक्ती लंडनमध्ये युद्धखात्यात कारकुनी करणाऱ्या एका हौशी खगोलनिरीक्षकाला स्वतंत्रपणे सुचली होती. त्याचे नाव नॉर्मन लॉकयर. त्याने ग्रहणाच्या वर्षभर आधीच मोठ्या पसाऱ्याचा वर्णपटदर्शक बनवायला सांगितला होता, पण कारागिरांकडून तो वेळेवर मिळाला नाही. मिळाला तो १६ ऑक्टोबर १८६८ रोजी, म्हणजे ग्रहण होऊन दोन महिने उलटल्यावर. चारच दिवसांनी, २० ऑक्टोबरला, लॉकयरला इंग्लंडच्या आकाशात, कोणतेही ग्रहण नसताना, सौरज्वालेच्या तीन रेषा दिसल्या. २६ ऑक्टोबरला पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या एकाच बैठकीत त्याचे आणि जान्सेन यांचे अशी दोन्ही पत्रे वाचली गेली. फ्रेंच सरकारने पुढे १८७२ मध्ये दोघांचे चेहरे असलेले एक पदक काढले. ते पदक या नव्या पद्धतीसाठी होते, हेलियमसाठी नव्हे. ‘हेलियमचा शोध दोघांनी एकाच दिवशी लावला’ असेही एक वाक्य पुस्तकांत असते, त्याचे मूळ बहुधा इथे असावे.

ग्रहणाविना पाहण्यात लॉकयरला एक लाभ झाला. दिवसाच्या उजेडात सूर्याच्या नेहमीच्या काळ्या रेषा वर्णपटात हजर असतात. त्यांच्या शेजारीच सौरज्वालेच्या तेजस्वी रेषा दिसतात. म्हणजे मोजपट्टी आयतीच मिळाली. हायड्रोजनची तांबडी रेषा तिच्या काळ्या रेषेच्या बरोबर सरळीत आली. पिवळी मात्र सोडियमच्या काळ्या जोडीच्या सरळीत येईना. ती शेजारी, थोडी हिरव्याच्या बाजूला पडली आणि तिथे कोणतीही काळी रेषा नव्हती. तिला पुढे ‘डी-३’ म्हणू लागले. लॉकयरने रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्यासह ही रेषा हायड्रोजनपासूनच निघते का, हे दाब व तापमान बदलून प्रयोगशाळेत तपासले. निघाली नाही. तेव्हा सूर्यावर पृथ्वीला अपरिचित असे काही तरी असावे या निष्कर्षाप्रत तो आला. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. हे नाव सार्वजनिकरीत्या आले ते १८७१ मध्ये, विल्यम टॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांच्या ब्रिटिश असोसिएशनपुढील अध्यक्षीय भाषणात. नावाच्या शेवटी सोडियम, पोटॅशियमसारखे ‘इयम’ आले, कारण तो धातू असावा अशी समजूत होती. वायूला धातूचे नाव आजतागायत चिकटून आहे.

म्हणजे ‘शोध कुठे लागला’ या प्रश्नाला एक गाव सांगता येतच नाही. रेषा पाहिली गेली ती आंध्रात आणि दक्षिणेत इतरत्र, ती वेगळी आहे हे कळले ते इंग्लंडमध्ये. पदार्थ हाती लागला तो आणखी सत्तावीस वर्षांनी.

१८९५ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये विल्यम रॅमझी क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्लाची क्रिया करत होते. त्यातून निघणाऱ्या वायूला आधीच्या एका रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोजन म्हटले होते. रॅमझी त्यात आरगॉन शोधत होते. वर्णपटात झळझळीत पिवळी रेषा दिसली, पण ती सोडियमच्या जागी नव्हती. त्यांना आधी वाटले हा नवाच वायू, आणि मनात त्याचे नाव ‘क्रिप्टॉन’ म्हणजे ‘लपलेला’ असे ठरवलेही. तरंगलांबी नीट मोजण्यासाठी त्यांनी नमुना विल्यम क्रुक्स यांच्याकडे पाठवला. क्रुक्स यांनी तारेने कळवले, की तुमचा क्रिप्टॉन म्हणजे हेलियमच. (क्रिप्टॉन हे नाव वाया गेले नाही, १८९८ मध्ये रॅमझींनी ते दुसऱ्या एका वायूला दिले.)

तो युरेनियमच्या खनिजात का असावा, हे तेव्हा रॅमझींना सांगता येणे शक्यच नव्हते. किरणोत्साराचा शोध लागला तो पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये. रुदरफर्ड आणि रॉइड्स यांनी १९०८ च्या सुमारास दाखवले, की किरणोत्सारी पदार्थातून सुटणारा अल्फा कण म्हणजे हेलियमच्या अणूचा गाभा. एका युरेनियम-२३८ अणूचे शिसे होईपर्यंत असे आठ कण बाहेर पडतात. जत्रेतल्या फुग्यात भरलेला हेलियम असा खडकांच्या पोटात कोट्यवधी वर्षे साठलेला असतो. उलट, सूर्यावरचा हेलियम बहुतांश विश्वाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांतला. नाव सूर्याचे, पण आपल्याकडचा माल दगडातला!

आता विजयदुर्गाकडे येऊ. लॉकयर भारतात पहिल्यांदा आला तो १८७१ मध्ये. त्या वर्षी १२ डिसेंबरचे खग्रास ग्रहण त्याने मलबार किनाऱ्यावर बेकल येथे पाहिले. तिथेही समुद्राकाठी किल्ला आहे. आणि मग २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण आले. या खेपेला सावलीचा पट्टा पुन्हा कोकणातूनच आत शिरला, पण महिना जानेवारीचा होता. आकाश निरभ्र. पाश्चात्त्य आणि भारतीय तुकड्यांनी पट्ट्यात ठिकठिकाणी तळ ठोकले. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेल होते, आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला हेही तिथेच होते. वऱ्हाडातल्या तळणीला एव्हरशेड होते. आणि विजयदुर्गावर, आता सर नॉर्मन झालेला, साठीला पोचलेला लॉकयर.

‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेच्या खलाशांना उपकरणे हाताळायला शिकवून त्याने मोठी फौज उभी केली. नौकेचे कप्तान चिझम-बॅटन आणि कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेडलर यांच्यासह त्याने लिहिलेल्या अहवालाच्या नावातच ‘विजयदुर्ग’ आहे. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची. त्या वेळी घेतलेल्या छायाचित्रांत सूर्याच्या रंगावरणाचे वर्णपट मिळाले आणि त्यांत हेलियमच्या रेषा होत्याच. पण एव्हाना हेलियम रसायनशास्त्रज्ञांच्या नळ्यांत बंद होऊन तीन वर्षे झाली होती.

आज किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात. दुर्बिणीसाठी बांधलेले ओटे म्हणून ते ओळखले जातात. अलीकडे १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. कट्टे, साहेब आणि हेलियम, तिन्ही खरे. त्यांना जोडणारे साल तेवढे १८९८ ऐवजी १८६८ झाले आहे. दोन ग्रहणे, दोन्ही कोकणातून गेलेली, मधे फक्त एका आकड्याचा फरक. चूक होणे स्वाभाविक होते. मुलांना सहलीला विजयदुर्गावर न्याल तेव्हा कट्टा जरूर दाखवा. तारीख मात्र जानेवारीची सांगा आणि ‘ऑगस्टमध्ये का नाही?’ हे त्यांनाच विचारा.

हे सगळे लिहून मी त्या मुलीच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवले. दोन गुण परत देता येणे शक्य नव्हते, पण ती बरोबर होती हे तिच्या शिक्षकांना तरी कळावे, एवढाच हेतू. तीन आठवड्यांनी तिचे उत्तर आले. आभाराची एक ओळ आणि खाली नवा प्रश्न : सूर्यावर एवढा हेलियम आहे, तर हायड्रोजनसारखी त्याची काळी रेषा सूर्यप्रकाशात आधीच का दिसली नाही? फ्राउनहोफरने तर १८१४ मध्येच शेकडो काळ्या रेषांचा नकाशा काढला होता.

प्रश्न नेमका होता. काळी रेषा उमटायची तर वायूच्या अणूंनी त्या रंगाचा प्रकाश शोषायला हवा. ‘डी-३’चा पिवळा प्रकाश शोषण्यासाठी हेलियमचा इलेक्ट्रॉन आधीच फार वरच्या ऊर्जापातळीवर चढलेला असावा लागतो. ती चढण सुमारे २१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची. हायड्रोजनच्या तांबड्या रेषेसाठी ती १० च्या आसपास आहे. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५८०० केल्विन. तेवढ्या उष्णतेत इतक्या वर पोचलेले हेलियमचे अणू जवळजवळ नसतातच. त्यामुळे सूर्याच्या वस्तुमानाचा चौथा हिस्सा असलेले हे मूलद्रव्य तळपत्या बिंबावर अदृश्य राहते. वरचे रंगावरण अधिक तप्त आहे आणि त्यावर प्रभामंडलातून अतिनील व क्ष-किरणांचा मारा होत असतो, म्हणून तिथले अणू पिवळे चमकतात. ते चमकणे दिसते बिंबाच्या अगदी काठावरच, आणि फ्राउनहोफरच्या काळी तो काठ पाहायचा तर ग्रहणाशिवाय मार्ग नव्हता. बिंबावर जिथे सूर्य विशेष खवळलेला असतो अशा भागांत ‘डी-३’ची अगदी फिकट काळी रेषा उमटते, असे मी तिला कळवले आहे, आणि ती पाहायला कोणता वर्णपटदर्शक लागेल ते पुढच्या पत्रात.